रताळ्याचा वेल मरू देऊ नका



हलके धान पिवळे पडू लागले आहे. आठ-पंधरा दिवसांत विळे बाहेर निघतील आणि मग दिवाळीपर्यंत तुम्हाला मान वर करायला सवड मिळणार नाही. म्हणून आजचे काम आजच सांगून ठेवतो. घरामागच्या वाडीत किंवा विहिरीजवळच्या उंचवट्यावर एक आर जागा मोकळी ठेवा. आर म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरची आर. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. पश्चिमेकडचे लोक ज्याला गुंठा म्हणतात, जवळपास तेवढीच. तिथे रताळे लावायचे आहे.

"रताळे? ते काय पीक झाले का भाऊ?" असे कोणीतरी म्हणणारच. आपला भंडारा धानाचा जिल्हा. बांधीत धान, धुऱ्यावर तूर, धान निघाले की त्याच ओलीवर लाखोरी आणि जवस. यात रताळ्याला कोण विचारतो? आषाढी एकादशीला एकदा आणि शिवरात्रीला एकदा, असे वर्षातून दोन दिवस आपल्याला त्याची आठवण येते. गायमुखच्या यात्रेला निघण्याआधी बाजारातून किलो-दोन किलो आणतो, कवठाच्या चटणीसोबत खातो आणि पुढच्या आषाढीपर्यंत विसरून जातो. त्या दोन दिवसांत भावही असा सांगतात की घ्यावे की नाही असा प्रश्न पडतो. जे पीक एका आरात क्विंटलभर सहज निघते, ते आपण पिशवीतून विकत आणतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

उपासाच्या ताटाकडे एकदा नीट पाहा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, वर हिरवी मिरची. यातले एकही मूळचे आपल्याकडचे नाही. पाचही अमेरिका खंडातून आलेली आहेत, आणि पवनीच्या मिरचीला तरी ती परकी आहे असे कोण म्हणेल? भगर आपली आणि आपल्या तलावातला शिंगाडा आपला. बाकीच्या पाहुण्यांना आपण देवघरापर्यंत नेले. मला त्यात वावगे काही दिसत नाही. पण साबुदाण्याचे एक सांगून टाकतो, कारण अजूनही पुष्कळांना तो झाडाला दाण्यासारखा लागतो असे वाटते. तो कसावा नावाच्या कंदाच्या पिठूळ गाळापासून करतात आणि बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. त्यात पिठूळपणाखेरीज फारसे काही उरत नाही. रताळे हे पूर्ण अन्न नसले, तरी त्यात चोथा आहे, क जीवनसत्त्व आहे, आणि ते आपल्या वाडीतून येऊ शकते.

नावाचीही गंमत आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षांपासून रताळे लावत आले. कोलंबस १४९२ साली तिकडच्या बेटांवर पोचला, तेव्हा तिथली माणसे रताळ्याला जे म्हणत त्यावरूनच 'बटाटा' हा शब्द निघाला. पोर्तुगीजांच्या तोंडीही तो आधी रताळ्याचाच होता. पुढे अँडीज पर्वतातला खरा बटाटा युरोपात आला आणि त्याला तेच नाव चिकटले. आणि आपला 'रताळे' हा शब्द? तो रक्तालू या जुन्या शब्दापासून आला, आणि गुजरातेत आजही रताळू म्हणजे जांभळा कंद, कोनफळाच्या जातीचा. म्हणजे रताळ्याने आपले नाव बटाट्याला दिले आणि स्वतः दुसऱ्याच कंदाचे नाव लावून आपल्या घरात बसले. दत्तक गेलेल्या पोराचे आडनाव बदलते, तसे.

त्याचे एक भावंड मात्र तुम्ही रोज पाहता. तलावाच्या पाळीवर, नाल्याच्या काठी, गावाबाहेरच्या उकिरड्यावर जे बेशरम माजलेले असते, ते रताळ्याच्याच कुळातले आणि तेही दक्षिण अमेरिकेतूनच आलेले. कधी रताळ्याला फूल आले तर बेशरमाच्या फुलाशेजारी धरून पाहा. तोच भोंग्यासारखा आकार, तोच फिकट जांभळा रंग. दोघांचा स्वभावही एक. कांडी तोडून ओल्या मातीत खोचली की जगते. फरक एवढाच की बेशरमाला जनावर तोंड लावत नाही, कारण ते विषारी आहे, आणि रताळ्याचा वेल गाय-बकरी मटकावून टाकते. लावताना कुंपणाचा विचार आधी करा म्हणून हे सांगितले.

आता थोडे लांबचे, पण आपल्या जिव्हाळ्याचे. जपानच्या पश्चिम भागात १७३२ साली धानावर तुडतुडे पडले. तुडतुडा म्हणजे काय हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. दाण्याच्या ऐन भरात बांधी करपल्यासारखी होते आणि धुऱ्यावर उभे राहून पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. तिथे तेव्हा औषधही नव्हते. धान गेले, मोठा दुष्काळ पडला, माणसे मेली. पण ज्या भागात रताळे रुळले होते, तिथले लोक त्यावर तगले. हे पाहून तिथल्या सरकारने आओकी कोन्यो नावाच्या एका पंडिताला रताळ्याच्या लागवडीचे प्रयोग करायला लावले. १७३५ साली त्याने राजधानीत रताळे लावून दाखवले. जपानी लोक त्याची आठवण 'रताळे गुरुजी' म्हणून ठेवतात. धान खाणाऱ्या मुलखाने धान फसल्यावर ज्याचा आधार घेतला ते हे पीक आहे. धान आणि रताळे यांचे वैर नाही. धान बांधीत राहते, हे वरच्या बरडीवर राहते.

एवढे ऐकून तुम्ही म्हणाल, हा माणूस दुसऱ्यांना सांगतो, स्वतः काय करतो? तर माझी फजिती सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे काही पटायचे नाही.

काही वर्षांपूर्वी मी कोजागिरीच्या सुमारास सहा-सात आरात रताळे लावले. जमीन खरडी, निचऱ्याची. वेल असा पसरला की वरंबे दिसेनात. जानेवारी संपता संपता एका झाडाखाली उकरून पाहिले, तर मुठीएवढी चार रताळी. माल तयार होता. पण शिवरात्रीला अजून महिना होता. बाजारातला एक ओळखीचा म्हणाला, "आता काढून काय करता? शिवरात्रीच्या आठवड्यात आणा, भाव सोन्याचा मिळेल." त्याचे काही चुकले नव्हते, भाव खरेच तसा मिळतो. मी थांबलो.

आमची मोठीमाय तेव्हा हिंडती-फिरती होती. ती एका सकाळी काठी टेकत वाडीत आली, वरंब्याजवळ बसली आणि म्हणाली, "भाऊ, माती उलली. आता काढ." मी हसण्यावारी नेले. त्या दिवसांत उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, मोटारीचे सगळे पाणी मी तिकडे वळवले होते. वीज रात्रीची, त्यातही अर्धी. रताळे आता वाढायचे थांबले, त्याला पाणी कशाला, असा माझा हिशेब. माती सुकली, आतले रताळे फुगलेले, वरंब्याला बोट जाईल अशा भेगा पडल्या.

शिवरात्रीला पाच दिवस राहिले असताना मजूर लावले. पहिल्या कुदळीलाच रताळे बाहेर आले ते वरून बरे दिसले. सालीवर सुई टोचल्यासारखी बारीक भोके होती, तेवढीच. मोडून पाहिले तर आत काळी भुयारे, भुयारात पांढऱ्या अळ्या, आणि वास असा कडवट की हात धुतला तरी जाईना. दहा पोती धरून चाललो होतो. विकण्याजोगी तीन भरली. त्या पैशांवर सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचे होते. वेळेत भरले की व्याजाची सवलत मिळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती त्या वर्षी गेली. घरात कोणी काही बोलले नाही, आणि ते जास्त लागले.

एवढ्यावरही माझी अक्कल ठिकाणावर आली नव्हती. किडकी रताळी म्हशीला घालावी म्हणून मी टोपले उचलले. गावात दुसऱ्या कामासाठी आलेल्या पशुवैद्यांनी ते पाहिले आणि ओरडलेच. किडा लागला की रताळे स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्ये तयार करते, आणि त्यावर बुरशी चढली की जनावराच्या फुफ्फुसाला बाधणारे विष त्यात होते. जनावराला दम लागतो, ते मान ताणून श्वास घेते आणि जाऊही शकते. उकडून घातले तरी भरवसा नाही. तेव्हा किडलेले, कडू, बुरशी आलेले रताळे ना माणसाने खायचे ना गुराला घालायचे. खोल खड्डा करून पुरायचे. चांगले रताळे आणि हिरवा वेल मात्र जनावराला उत्तम.

हा किडा म्हणजे रताळ्याचा सोंड्या भुंगा. दिसायला मुंगीसारखा बारीक, डोके आणि पाठ निळसर काळी, मधला भाग तांबडा, पुढे सोंड. जगभर जिथे उष्ण हवा आणि रताळे आहे तिथे याने शेतकऱ्याला रडवले आहे. त्याची खोड एकदा समजली की अर्धे काम झाले. तो वेलाच्या बुडख्यात आणि उघड्या पडलेल्या रताळ्यात अंडी घालतो, पण त्याला माती उकरून खाली जाता येत नाही. त्याला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे वरंब्यावरची भेग. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना लागतो. म्हणजे मी भावासाठी एक महिना थांबलो, तेव्हा मी त्याला एक आख्खी पिढी वाढवायला दिली. मोठीमायला यातले काही पुस्तकी ठाऊक नव्हते. माती उलली की रताळे काढायचे, एवढे तिला तिच्या सासूने सांगितले होते.

म्हणून भेग पडू द्यायची नाही. लावल्यावर पंधरा दिवसांनी एकदा आणि पाचव्या आठवड्यात एकदा, खुरपणी करून वरंब्याला मातीची भर द्या. शेवटच्या महिन्यातही आठ-दहा दिवसांनी हलके पाणी द्या. फार नको, ओल राहील एवढेच. मागच्या वर्षी जिथे रताळे होते तिथे यंदा लावू नका, आणि काढणीनंतर रानात राहिलेली बारकी रताळी, बुडखे वेचून घ्या, कारण भुंगा त्यातच दिवस काढतो. जास्त लावणाऱ्याने कामगंध सापळेही लावावेत. त्यात नर भुंगे अडकतात. आणि माल तयार झाला की काढा. शिवरात्रीचा भाव हवा असेल तर काढणी लांबवू नका, लागवड तशी धरा.

तो हिशेब सोपा आहे. बहुतेक जाती ११० ते १२० दिवसांत येतात, थंडीत थोडे दिवस वर धरा. शिवरात्री माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे कधी फेब्रुवारीच्या मध्यावर तर कधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पंचांगात तारीख पाहा, मागे सव्वाचार महिने मोजा आणि त्या दिवशी वेल लावा. दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये, कोजागिरीच्या सुमारास हे काम येते. हलके धान निघाल्यावर हात थोडे मोकळे होतात तेव्हाच. आषाढीसाठी उन्हाळ्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये लावतात, पण त्याला पाण्याची खात्री हवी.

जमीन कोणती? कन्हारात लावू नका. ती चिकण माती पोसत नाही, रताळे वाकडेतिकडे होते आणि सुकली की उलते. सिहार, खरडी, नदीकाठची रेताळ गाळाची जमीन उत्तम. वैनगंगेच्या आणि चुलबंदच्या काठी जिथे डांगरवाड्या करतात, तसल्या हलक्या मातीत रताळे सरळ आणि गुळगुळीत येते. पाणी साचणारी बांधी मात्र नको. तिथे ते कुजते.

बेणे म्हणजे वेलाचा शेंडा. वीतभर किंवा थोडा जास्त, चार-पाच डोळ्यांचा तुकडा. शेंड्याकडचा घ्या, बुडख्याकडचा नको, कारण भुंग्याची अंडी बुडख्याकडे असतात. तोडलेले वेल पानांसकट जुडी बांधून सावलीत दोन दिवस ठेवले तर मुळ्या लवकर फुटतात. दोन वरंब्यांत दोन फूट आणि दोन वेलांत वीतभर अंतर. तुकड्याचे मधले दोन-तीन डोळे मातीत दाबायचे आणि दोन्ही टोके बाहेर. एका आराला असे ८०० ते ८५० तुकडे लागतात. आकडा ऐकून घाबरू नका. पहिल्या वर्षी दोन वरंबे लावा, पुढच्या वर्षी त्याच वेलावर आर भरेल.

खताचे थोडक्यात. एका आराला दोन-तीन टोपल्यांनी होत नाही, चांगले कुजलेले शेणखत ५० ते १०० किलो घाला. रासायनिक खत देणार असाल तर आराला किलोभर युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट आणि पाऊण किलोच्या वर थोडे पोटॅश. युरिया दोन हप्त्यांत, अर्धा लावताना आणि अर्धा पाचव्या आठवड्यात, भर देताना. हात सैल सोडू नका. युरिया जास्त झाला की वेल माजतो, शेजारी येऊन वाहवा करतात आणि खाली उकरावे तर नुसती मुळी. चुलीची राख मिळाली तर पसरा, तिच्यात पोटॅश असते. मध्येच एक-दोनदा वेल उचलून परत ठेवा, म्हणजे जागोजागी मुळ्या धरून बारकी रताळी होत बसत नाहीत.

रानडुकरांबद्दल काय सांगू? कोका, नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांना मी रताळे शेतात लावा असे सांगणारच नाही. डुकराला रताळ्याचा वास लांबून येतो आणि एका रात्रीत तो कळप वरंबे असे उलथून टाकतो की जणू नांगर फिरला. नुकसान झाले तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्या, भरपाईची सोय आहे. पण भरपाई येते तेव्हा येते. अशा गावांनी घराला लागून, कुत्रे भुंकेल एवढ्या अंतरावरच लावावे. म्हणूनही मी एक आरच म्हणतो.

आता या लेखाच्या मथळ्याचे. आपल्या गावांतून रताळे गेले ते किडीने किंवा डुकराने नाही. ते मे महिन्यात गेले. धानाचे बी ढोलीत राहते, लाखोरीचे गाडग्यात राहते. रताळ्याचे बेणे जिवंत वेल आहे, ते डब्यात भरून ठेवता येत नाही. रताळी खणली, वेल गुरांपुढे टाकला, उन्हाळा आला, आणि पुढच्या हंगामाला बेणे कुठून आणायचे? मग कोणी म्हणते जाऊ दे. एक वर्ष चुकले की पीक गेले. आईने लावले होते, सुनेने पाहिलेच नाही, असे घराघरांत झाले.

उपाय अगदी हलका आहे. काढणी करताना भुंगा न लागलेले निरोगी शेंडे बाजूला काढा आणि न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, शेवग्याच्या किंवा पपईच्या सावलीत, चटईएवढ्या जागेत लावून ठेवा. रोजच्या धुण्या-भांड्याच्या पाण्यावर तो वेल उन्हाळा काढतो. सोड्याचे, फार साबणाचे पाणी तेवढे दुसरीकडे वळवा. मृग लागला की तो दसपट होतो, आणि आश्विनात कापायला तयार. ज्यांच्याकडे वेल मुळीच नाही त्यांनी बाजारातून आणलेली निरोगी, भोके नसलेली रताळी ओलसर वाळू-मातीच्या वाफ्यात आडवी पुरावी. फूट येऊन कापण्याजोगा वेल व्हायला दीड महिना लागतो. आज पुरली तर यंदाच्या शिवरात्रीला पुरणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण घरात वेल आला म्हणजे पुढची सोय झाली.

शेंड्यांची भाजीही होते, हे आपल्याकडे फार कमी घरांत ठाऊक आहे. कोवळी पाने तेल-लसणावर परतायची. तलावात पसरणारी नाळीची भाजी आपण खातो ना, तीही याच कुळातली. पुष्कळ देशांत लोक रताळ्याची पानेच आवडीने खातात. काढणीच्या दोन महिने आधी मात्र पाने ओरबाडू नका, कंद पोसायचा असतो.

रंगाबद्दल बायाबापड्यांनी लक्ष देऊन वाचावे. आपण खातो ते रताळे वरून लाल आणि आतून पांढरे. एक जात आतून गाजरासारखी केशरी असते. त्या रंगातच अ जीवनसत्त्वाचे मूळ आहे. लेकरांचे डोळे, रातांधळेपणा, अंगातली प्रतिकारशक्ती यांच्याशी त्याचा थेट संबंध. पांढऱ्या रताळ्यात ते जवळजवळ नसते. केरळात तिरुवनंतपुरमला श्रीकार्यम येथे केंद्रीय कंद पिके संशोधन संस्था आहे, १९६३ सालची. तिने 'भू सोना' नावाची केशरी जात काढली आहे. तिच्या १०० ग्रॅम रताळ्यात सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते. लहान लेकराची दिवसाची गरज भागायला तिची एक छोटी फोडही पुरते, सोबत तेल-तुपाचा थेंब हवा. आफ्रिकेतल्या मोझांबिक आणि युगांडात अशाच केशरी रताळ्याने गरीब घरांतल्या पोरांना आधार दिला. ते काम करणाऱ्या मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जान लो यांना २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणखी एक मानकरी होते हॉवर्थ बॉइस, पिकांतच पोषण वाढवण्याच्या कामासाठी. आपल्या साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन केशरी वाणाच्या वेलाची चौकशी करा. दहा जणांनी विचारले तर मागवता येईल. आणि अंगणवाडीतला अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नका, तो आपल्या जागी आहे.

काढल्यावर रताळे लगेच धुवू नका. कुदळ लागलेली वेगळी करा, ती आधी खा. बाकीची सावलीत हवेशीर आठवडाभर पसरा. साल घट्ट होते, ओरखडे भरून येतात आणि गोडीही वाढते. मग कोरड्या वाळूत थर देऊन ठेवली तर महिना-दीड महिना राहतात.

खायचे कसे ते तुमच्या घरच्या बाईला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. कीस, खीर, पाकातले काप, गूळ-कणकेच्या घाऱ्या, सगळे चालते. माझे मत विचाराल तर फुफाट्यातल्या रताळ्याला तोड नाही. रात्री स्वयंपाक उरकला की चुलीतल्या गरम राखेत पुरून ठेवायचे. मंद आचेवर आतल्या पिठाची हळूहळू साखर होते, म्हणून ते उकडलेल्यापेक्षा गोड लागते. घाईने जाळावर भाजले तर ती गोडी येत नाही. गॅस आला तशी ही चव गेली, पण पाणी तापवायची चूल अजून बहुतेक घरी पेटते. साखरेची बिमारी असलेल्यांनी मात्र बेताने, आणि भातासोबत नव्हे, त्याच्या जागी.

माझ्याकडे वेल पुन्हा कुठून आला, ते राहिलेच. त्या वर्षी मी रागाने सगळा वेल गुरांपुढे टाकला होता. पुढच्या आश्विनात लावावेसे वाटले, तर दारात काही नाही. मोठीमाय म्हणाली, "न्हाणीमागे पाहा." तिने माझ्या नकळत पाच-सात शेंडे तिथे खोचून ठेवले होते, आणि ते भिंतीवर चढले होते. ती आता नाही. वेल त्याच जागी आहे, दरवर्षी उन्हाळ्यात बायको त्याच्यावर भांड्याचे पाणी टाकते. तुमच्याही गावात एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या न्हाणीमागे असाच वेल असेल. दसऱ्याला सोने द्यायला जाल तेव्हा विचारा. माहेरवाशिणी दिवाळीला माहेरी जातात, तिथे नदीकाठचे गाव असेल तर त्यांनीही विचारावे. आणायला जाताना एक ओले पोते सोबत न्या. पानांसकट त्यात गुंडाळला की एसटीच्या टपावर दिवसभर उन्हात राहिला तरी वेल सुकत नाही.